पुलावरचे ठिपके

अण्णा, काल आम्ही चित्र उघडलं. मी आणि वदिना, आम्ही नणंद-भावजय दोघींनीच. तुला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असा तुझा नियम होता, म्हणून निदान नंतर तरी कळवते आहे. पण काय झालं ते लगेच सांगणार नाही. ते चित्र मला पहिल्यांदा दाखवताना तू किती ताटकळत ठेवलं होतंस, ते मी विसरलेले नाही. आता जरा तू थांब.

ऊन वाढायला लागलंय. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही. शेजारच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट चालूच असतो, तुझ्या शेडचं शटर मात्र खाली आहे. त्या बाजूचा आवाज थांबल्यापासून मला घरात कुठे बसावं ते कळत नाही. आवाज असताना मी रोज कुरकुर करायची, डोकं उठतं म्हणून. आता तिन्हीसांजेला उगाच त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहते आणि परत येते.

तुला सगळं माहीत आहे, पण मला ते पहिल्यापासून सांगायचंय. तू मध्येमध्ये बोलू नकोस.

चिंचोळीतल्या नव्या शेडसाठी माग बघायला तू चीनला निघालास, तेव्हा मी एकच गोष्ट मागितली होती, शाईचित्राचा चांगला ब्रश. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, पण ब्रश कायम केस गळणारेच मिळाले. तू ब्रश विसरलास. त्याऐवजी निळ्या रेशमी पिशवीत घातलेली एक गुंडाळी आणलीस. माग विकणाऱ्या एजंटानं निघताना हातात दिली म्हणालास. जुन्या चित्रावरून कुणीतरी हातानं काढलेली नक्कल. वीतभर उंच आणि गुंडाळलेली, त्यामुळे लांबी किती ते कळेना. मी लगेच दोरी सोडायला गेले, तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. लहानपणी नाना मारायचे अगदी तशी.

"बाहेरनं नको उघडू," तू म्हणालास. "ताका कसा बघायचा, विसरलीस काय?"

विसरेन कशी? आपण मागाखाली वाढलेली पोरं. कापड विणताना आधी विणलेलं रुळावर आत जातं आणि शेवटचं विणलेलं बाहेर राहतं. म्हणून नाना तपासायला घेतलेला ताका आधी सगळा उलगडून दुसऱ्या रुळावर घ्यायचे आणि आतल्या टोकापासून बघायला लागायचे. कापड जिथं सुरू झालं तिथनं बघायचं, म्हणजे विणणाऱ्याचा हात कुठे बिघडला ते कळतं, असं सांगायचे. तू मला डोळे मिटायला लावलेस, स्वतः मान वळवलीस, आणि न बघता ते सगळं चित्र उलट बाजूनं गुंडाळत नेलंस. आतलं टोक वर आल्यावरच मला डोळे उघडू दिलेस. आणि मी, चित्रकलेची बाई, मलासुद्धा एकदाही वाटलं नाही की चित्र म्हणजे कापडाचा ताका नव्हे. मला ते अगदी बरोबर वाटलं. विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाला गुंडाळीची सुरुवात आतच असते.

त्यानंतर प्रत्येक रविवारी, शेड बंद असायची तेव्हा, टॉवेलच्या घड्या घालायच्या त्या लांब टेबलावर आपण बसायचो. तू डावीकडच्या टोकावर नानांच्या मागाचा जुना धोटा वजन म्हणून ठेवायचास. मग हळूहळू उलगडायचं, दोन हातांच्या मध्ये मावेल एवढंच. पुढचं उघडलं की मागचं गुंडाळून घ्यायचं. सगळं एकदम कधी बघायचं नाही. तू ते कुणाकडून शिकला होतास कोण जाणे, पण याबाबतीत तू बरोबर होतास, मी नंतर वाचलं. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी नसतातच. त्यांच्यातून वाटसरासारखं चालत जायचं असतं.

डावीकडून सुरुवात केली की आधी नुसतं पांढरं यायचं. खूप वेळ पांढरंच. त्यात एकच लाल शिक्का. तू म्हणायचास, आपण वर श्री लिहितो तसं कुंकू लावून सुरुवात केलीय. मग त्या पांढऱ्यातून एक रिकामी नाव वर यायची, काठाला बांधलेली. मग निष्पर्ण झाडं, त्यांच्या फांद्या खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकलेल्या. मग लाकडी पूल, आणि पुलावर एक म्हातारा. त्याच्या डोक्यावर मोठी टोपी आणि अंगावर घोंगडीसारखं काहीतरी. इतका लहान आणि इतका वाकलेला की तोंड कुठे आहे तेही कळायचं नाही. त्याच्या पुढे पुलावर बारीक बारीक ठिपके. मग डोंगर. मधला एक मोठा, यजमान असावा असा, आणि बाजूचे त्याच्याकडे झुकलेले, पाहुण्यांसारखे. आणि सगळ्यात शेवटी, उजव्या टोकाला, एक घर. दार उघडं, आणि दारात बाई.

रंग म्हणून काहीच नाही. सगळी शाई. पण त्या एका शाईत काजळापासून ते पाटी धुतलेल्या पाण्यापर्यंत किती पायऱ्या होत्या! मला ते बघून रडू आलं होतं, आठवतं? तू घाबरलास. तुला वाटलं माझं काहीतरी दुखतंय. मग तू डोंगराच्या कड्यांवर बोट ठेवून म्हणालास, हे बघ, सूत सुटलंय. खरंच, ते खडक बारीक लांब रेघांनी भरले होते, पिंजलेल्या धाग्यासारखे. चित्रकारांनी त्या रेघांना फार मोठी नावं दिलेली असणार, पण तुला सूत दिसलं आणि तेव्हापासून मलाही सूतच दिसतं.

आपलं पहिलं भांडण झालं ते दूरच्या वस्तूंवरून. मी मुलांना फळ्यावर रेल्वेचे रूळ काढून दाखवायची. रूळ लांब गेले की एका टिंबात मिळतात, तिथे नजर संपते. या चित्रात असलं टिंबच नव्हतं. मी म्हटलं, यांना अंतर काढता येत नाही. तू भडकलास. भांडायला लागलं की आपली घरची तेलुगू सोडून सोलापुरी मराठीवर यायचास तू.

"तुझ्या चित्रात माणूस खांबागत उभा राहून बघतोय," तू म्हणालास. "हितं चालावं लागतंय. चालणाऱ्याला कुटं टिंब दिसतंय?"

मी गप्प बसले नाही, पण घरी गेल्यावर कबूल केलं. तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते, तू बरोबर होतास.

दुसरं भांडण मात्र मिटलंच नाही. ते उन्हाचं. चित्रात जमीन सगळी पांढरीफटक. झाडांच्या खोडांवर पांढरं, पुलावर पांढरं, घराच्या छपरावर पांढरं. तू पहिल्याच दिवशी सांगून टाकलंस, हे ऊन आहे. चैत्रातलं, आपल्यासारखं, डोळे मिटायला लावणारं. म्हणून तर त्या म्हाताऱ्यानं एवढी मोठी टोपी घातलीय. दुपारी जेवायला घरी येतोय, बायको दारात वाट बघतेय, भाकरी निवतेय. मी म्हटलं, ऊन आहे तर आभाळ असं काळपट का? आणि अंगावर घोंगडी कशाला? तू म्हणालास, वळीव यायचा असंल. आभाळ भरून आलंय, खाली अजून ऊन तापतंय, म्हणून तर पाय उचललाय त्यानं. आणि घोंगडी काय, आपले धनगर उन्हातसुद्धा घोंगडी सोडत नाहीत. मला पटलं नाही, पण त्याहून बरं कारण माझ्याजवळ नव्हतं. सोलापुरात जन्म काढलेल्या दोन माणसांना पांढऱ्या जमिनीला ऊन याखेरीज दुसरं नाव सुचणार तरी कसं?

मी ते चित्र उतरवून बघायचाही प्रयत्न केला. पाच-सहा कागद खराब केले. कागद शाई पिऊन टाकतो, एकदा उतरलेली शाई मागं घेता येत नाही. आणि सगळ्यात अवघड ते पांढरं. ते रंगवता येत नाही, सोडावं लागतं. कुठे सोडायचं ते आधीच ठरवावं लागतं. माझ्या हातून पांढरं सुटलंच नाही, सगळीकडे ब्रश गेला. तू ते कागद बघून म्हणालास, सरू, तुला रिकामं ठेवता येत न्हाय, म्हणून तू भांडतीस. मी रागानं ते कागद भिजवून टाकले.

आणि मग तुझ्या छातीत भरून यायला लागलं. जिना चढताना तू मधल्या पायरीवर थांबून उगाच बाहेर बघायचास, काहीतरी दिसल्यासारखं. मला ते बघणं आवडत नव्हतं. डॉक्टर म्हणाले हृदयाची झडप दगडासारखी झालीय, पुण्याला जाऊन बदलून घ्या, उशीर करू नका. तू उशीर केलास. आधी दसरा, मग दिवाळी, मग चिंचोळीतले माग बसवायचे होते. मी रोज येऊन तुझ्या मागे लागायची. वदिना बोलायची नाही. ती तुझ्याशी कधीच वाद घालायची नाही. तुझं ताट वाढून झालं की दारात येऊन उभी राहायची, तेवढंच.

मी फारच बोलले की तू पिशवीतून गुंडाळी काढायचास. तेच तुझं उत्तर. डावीकडून उलगडत पुलापर्यंत यायचास आणि त्या म्हाताऱ्यावर बोट ठेवायचास.

"कुटं चाललाय ह्यो?"

"घरी," मी म्हणायची.

"मग झालं की. मी पण जाऊन येतो. गडबड कशाला?"

असं करता करता तू त्या चित्राला शकुन करून टाकलंस. हे मला आवडलं नव्हतं, आणि तेव्हाच बोलले असते तर बरं झालं असतं असंही आता वाटत नाही. कारण त्या म्हाताऱ्याच्या जोरावरच तू शेवटी हो म्हणालास. संक्रांत झाली की जाऊ म्हणालास. वदिनानं त्या दिवशी पुरण घातलं. सगळे पोटभर जेवलो.

त्याच्या पुढच्या रविवारी श्रीनूचा फोन आला. आपला श्रीनू, तुझा एकुलता एक, कॅनडात. फोनवर त्याचं तोंड दिसत होतं, नाक लाल झालेलं. रात्रभर बर्फ पडलाय म्हणून दाखवायला तो मुद्दाम बाहेर आला होता. वदिना म्हणाली, अगबाई, मीठ सांडल्यागत दिसतंय. मी वाटाणे सोलत बसले होते, बघितलं न बघितलं. तू मात्र फोन हातात घेतलास. आणि एकदम म्हणालास, श्रीनू, फोन मागं वळव. त्यानं वळवला. मागे त्याच्या घराचं दार होतं, आणि दारापासून तो उभा होता तिथपर्यंत त्याच्या बुटांचे ठसे, ठिपके ठिपके. तू म्हणालास, आता पुढं दाखव. पुढे काहीच नव्हतं. पांढरं, आणि त्याच्यावर काळपट आभाळ. तू फोन वदिनाकडे दिलास आणि हात धुवायला गेलास. नळ बराच वेळ चालू होता. मला वाटलं तुला पोराची आठवण आली.

त्या दिवसानंतर तू गुंडाळी काढली नाहीस. मी विचारलं तर म्हणायचास, डोळे दुखतायत. पुण्याची तारीख जवळ येत होती, तुझा चेहरा उतरत चालला होता, आणि मी बावळट समजत होते की तू ऑपरेशनला घाबरतोयस. तू शेडमध्ये जाऊन एकेका मागावर हात ठेवून उभा राहायचास. जुन्या कामगारांना बोलावून चहा पाजायचास. एकदा मला विचारलंस, बर्फावर माणूस किती लांब दिसत असंल? मी म्हटलं, काय डोक्यात घेऊन बसलायस, श्रीनूला गरम कपडे आहेत. तू हसलास. तसं हसणं तुझ्या तोंडावर मी आधी पाहिलं नव्हतं.

आणि मग तो शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचं होतं. तू स्वतःहून गुंडाळी आणलीस, टेबलावर ठेवलीस, आणि मी सवयीनं डोळे मिटले.

"आज बाहेरनं उघड," तू म्हणालास.

मी म्हटलं, असं कसं, आपण कधी असं बघितलं नाही. तू म्हणालास, बघू या की एकदा. मग मी उजवीकडचं टोक धरलं. आधी घर आलं. उघडं दार, दारातली बाई. मग डोंगर. मग पूल. तिथे तू माझ्या हातावर हात ठेवून थांबवलंस. तुझी बोटं गार पडली होती. त्या ठिपक्यांवर बोट फिरवत तू विचारलंस, हे काय असंल गं? मी म्हटलं, खिळे असतील, फळ्यांचे. तू मान हलवलीस. मी पुढे उलगडायला लागले तर म्हणालास, "ऱ्हाऊ दे. पुढचं तुला पाठ हाय की." आणि गुंडाळी बंद केलीस. मग पिशवीची दोरी बांधताना, माझ्याकडे न बघता, एवढंच म्हणालास, "नानांनी आपल्याला कापड शिकवलं सरू. चित्र न्हाय शिकवलं."

मला वाटलं तू माझी चित्रकला काढतोयस. मी तणतणत घरी गेले. आपलं शेवटचं नीट बोलणं हे असं झालं.

सकाळी गाडी दारात आली. तू जिना उतरलास. आयुष्यभर तू घरातून निघताना जिन्यावरूनच "येतो" म्हणून ओरडायचास, खालच्या माणसालाही ऐकू जाईल असं. त्या दिवशी काही बोलला नाहीस. वदिना दारात उभी होती. मी गाडीत तुझ्या शेजारी होते, मी मागे वळून पाहिलं, तू नाही पाहिलंस. गाडी वळेपर्यंत ती दारातच होती.

पुण्याचं मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी हात जोडले, तेवढं पुरे. ते लोक चांगले होते. मला कुणालाही दोष द्यायचा नाही.

श्रीनू आला, सगळं केलं, वदिनाला बरोबर चल म्हणाला. ती नको म्हणाली. तो परत गेला. पोचल्यावर त्यानं फोन केला, आणि तिकडे अजून बर्फ होता. पोचलो म्हणाला आणि आईला बरं वाटावं म्हणून फोन फिरवून घर दाखवायला लागला. दार दिसलं. दारापासून त्याच्यापर्यंत आलेले ठसे दिसले. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी तसाच खाली ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे पूल आला. ते खिळे नव्हते, अण्णा. आणि ते ऊनही नव्हतं.

सगळं एका क्षणात उलटं झालं. जमीन पांढरी आणि आभाळ काळपट का, ते कळलं. टोपी कशाला, घोंगडी कशाला, तेही कळलं. ठिपके म्हाताऱ्याच्या आणि घराच्या मध्ये होते. म्हणजे तो घराकडे जात नव्हता, घरातून आला होता. नावेपासून पुलापर्यंतचा बर्फ कोरा होता. ती रिकामी नाव त्याला घेऊन आलेली नव्हती, त्याला न्यायला थांबलेली होती. आणि त्या पलीकडचं सगळं पांढरं, ज्याला आपण सुरुवात म्हणत होतो, ते त्याच्या पुढ्यात होतं. चित्र उजवीकडून, बाहेरच्याच टोकापासून सुरू होत होतं. लाल शिक्का कुंकू लावून सुरुवात केल्याचा नव्हता, संपलं म्हणून मारलेला होता. त्या रात्री मी जेवले नाही. तुला कळलं होतं, ते त्या नळाखाली हात धरून उभा होतास तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तू गेलास.

तुझा इतका राग आला मला! चित्र म्हणजे काही पंचांग नव्हे. जो म्हातारा येतोय म्हणून तू धीर धरलास तो खोटा होता, तर जातोय म्हणून धीर सोडायचं तरी काय कारण होतं? हे मी तुला ठणकावून सांगितलं असतं. तू ऐकलंही असतंस कदाचित. पण तू मला भांडूच दिलं नाहीस. तू घाबरून गेलास की न घाबरता गेलास, एवढंच मला हवं होतं. तेवढं सांगितलं असतंस तर आज मला झोप लागली असती. आणि मग राग ओसरला की आठवतं, पुलाशी तू माझा हात कसा धरलास ते. पुढचं मला बघू दिलं नाहीस. स्वतःचं सगळं कळलेलं असताना तुला माझी काळजी होती. त्याबद्दल तुझ्या पाया पडावंसं वाटतं.

आता कालचं सांगते.

दुपारी मी तुमच्याकडे गेले होते. खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी फरशी तापली होती. वदिना म्हणाली, चित्र काढ. आजवर तिनं ते चित्र आपल्याबरोबर बसून कधी बघितलं नव्हतं. चहा आणून ठेवायची आणि जायची. तू तिला नेहमी सांगायचास ना, म्हातारा घरी येतोय म्हणून. तेवढंच तिच्याजवळ उरलंय असं मला वाटलं. मी मनाशी ठरवलं, जे काही असेल ते असो, हिला तो घरी येतानाच दिसला पाहिजे. मी गुंडाळी टेबलावर ठेवली, डोळे मिटले, आणि तू करायचास तसं, आतलं टोक वर यावं म्हणून, न बघता गुंडाळत न्यायला लागले.

माझ्या हातावर तिचा हात आला.

"उलटं नको करू, सरोजा," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय."

मी डोळे उघडले. ती रडत नव्हती. तिनं सांगितलं, पुण्याला जायच्या आधी एका दुपारी तू तिला बोलावून सगळं दाखवलं होतंस. बाहेरून, घरापासून, पार शिक्क्यापर्यंत. ठिपके काय आहेत तेही सांगितलंस. आणि म्हणालास, सरूला सांगू नको. तिला ऊन वाटतंय, तर वाटू दे.

अण्णा, मी टेबलावर डोकं ठेवून रडले. मी वदिनासाठी तुझं ऊन राखायला निघाले होते, आणि तुम्ही दोघं ते माझ्यासाठी राखत बसला होतात. वदिनानं मला रडू दिलं. मग धोटा उचलला, उजव्या टोकावर ठेवला, आणि म्हणाली, चल, सरळ उघड.

मी उलगडत गेले. घर आलं, दार आलं, दारातली बाई आली. वदिनानं त्या बाईच्या पायाशी बोट ठेवलं. मी पुढे सरकले. डोंगर, पूल, ठिपके, म्हातारा. मागचं गुंडाळून घ्यायला गेले, तर तिचं बोट निघेना. मग मी तसंच पुढे नेलं. झाडं, नाव, मग पांढरं, आणि पांढरंच, माझा हात लाकडी दांडीला लागेपर्यंत. ते चित्र त्या लांब टेबलावर पहिल्यांदाच सगळं उघडं पडलं होतं. एका टोकाला तिचं बोट, दुसऱ्या टोकाला माझा हात, आणि मध्ये तो एवढासा म्हातारा. मी त्या पांढऱ्याकडे बघत होते. माझ्या अंगावर काटा आला होता, एवढ्या उन्हाळ्यात. मी तिला म्हटलं, वदिना, हितं बघ तरी. ती तिकडे बघतच नव्हती. ती त्या बाईकडे बघत होती.

"तुमी दोगं एवढं भांडला," ती म्हणाली. "येतोय का जातोय. कुटनंबी उघडा की सरोजा. ही दारातच हाय."

चित्र अजून टेबलावर तसंच आहे, अण्णा. कुठल्या बाजूनं गुंडाळायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.